करीमा, पटेल, गट्टू, दुष्यंत आणि ‘साराभाई’चा कप्तान

‘देख भाई देख’मधला नोकर करीमा आठवतोय? साल 1993. निर्मिती जया बच्चन यांची. दिवाण कुटुंबाच्या त्या भरल्या घरात नवीन निश्चल, फरीदा जलाल, शेखर सुमन, भावना बलसावर अशी एकाहून एक सरस मंडळी, आणि त्या गर्दीतही लक्षात राहिलेला हा पोरगेलासा गडी. तोच देवेन भोजानी. बरोबर अकरा वर्षांनी, पस्तिशी गाठायच्या आत, त्याने ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ दिग्दर्शित केली. हिंदी टीव्हीवरची सर्वात चोख विनोदी मालिका कुठली, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता हेच नाव घेईन.

करीमाच्या आधी, 1992 मध्ये, ‘जो जीता वही सिकंदर’मध्ये आमिर खानच्या टोळक्यातही देवेन होता. पुढे 2001 मध्ये ‘ऑफिस ऑफिस’ आली. पंकज कपूर यांचा बिचारा मुसद्दीलाल सरकारी कचेरीत खेटे घालतोय आणि ‘दो बातें हो सकती हैं’ म्हणत त्याला आणखी गोंधळात टाकणारा पटेल म्हणजे देवेन. भूमिका छोट्या, पण प्रत्येकीची चाल वेगळी. समोरच्याचं वाक्य संपल्यावर किती थांबायचं आणि हशा कुठे पिकू द्यायचा, हे त्याने या छोट्या भूमिकांमधून आत्मसात केलं असणार. ‘साराभाई’त तर सगळा खेळच थांबण्याचा आहे. सासू माया टोमणा मारते, क्षणभर शांतता, मग तिचा नवरा इंद्रवदन याचा चेहरा दिसतो. हसू त्या चेहऱ्यावर येतं.

नोव्हेंबर 2004 मध्ये स्टार वनवर ही मालिका सुरू झाली, 2006 मध्ये थांबली. तेव्हा टीआरपी बेताचाच होता. पुनःप्रक्षेपणात आणि मग मोबाइलवर मात्र ती अशी पसरली की तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आज मायाच्या धाकट्या लेकाच्या, रोसेशच्या, कविता तोंडपाठ म्हणतात.

आता गंमत बघा. पडद्यावरची आई रत्ना पाठक शाह आणि मुलगा सुमीत राघवन यांच्या वयात प्रत्यक्षात अवघं 14 वर्षांचं अंतर! इंद्रवदन झालेले सतीश शाह यांनी त्याआधी ‘ये जो है ज़िंदगी’ या 1984 च्या मालिकेत दर भागात नवा माणूस उभा करून पन्नासहून अधिक रूपं घेतली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये ते गेले, तेव्हा घरोघरी लोकांनी आपापला आवडता ‘साराभाई’चा भाग पुन्हा लावला. बहिरे मधुसूदन फुफा म्हणजे अरविंद वैद्य, गुजराती रंगभूमीचे मुरलेले दिग्दर्शक. त्यांना आणि मायाची सून मोनिषा झालेल्या रुपाली गांगुलीला 2020 मध्ये ‘अनुपमा’ने पुन्हा एकत्र आणलं, तेही सासरा-सून म्हणून.

आणि दिग्दर्शकाने स्वतःसाठी कुठली भूमिका ठेवली? जावई दुष्यंतची. मिक्सर असो की फ्रिज, त्याचा प्रत्येक स्क्रू समजावून सांगणारा आणि त्यामुळे घरातला प्रत्येकजण ज्याच्यापासून पळ काढतो तो दुष्यंत! ज्याच्या हाती सगळी सूत्रं, त्याने सर्वांना नकोसा पाहुणा व्हायचं ठरवलं. देवेनबद्दल मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच.

आमच्या भिवंडीतल्या कामतघरात विनोदाची परीक्षा कडक असते. एका बाजूला आगरी घर, शेजारी तेलुगू विणकर कुटुंब, पलीकडे उत्तरेकडून आलेल्या यंत्रमाग कामगारांची खोली, आणि मागांचा खडखडाट असा की संवाद नीट ऐकू आला तरच हसू फुटणार. कफ परेडच्या श्रीमंत गुजराती घरातली कुरबुर इथे कशी पोचावी? पण पोचते, कारण मोनिषा पोचते. सेल कुठे लागलाय, चार रुपये कुठे वाचतील याचा हिशेब ठेवणारी ती सून वऱ्हाळा तलावाच्या परिसरातल्या कुठल्याही घरात सापडेल. सासूने तिचं ‘मनीषा’ हे नाव फारच मध्यमवर्गीय वाटतं म्हणून बदललं. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत माहीत असलेल्या मराठी बायका त्यावर जरा जास्तच हसतात आणि थोड्या चिडतातही.

‘साराभाई’च्याच काळात, 2005 पासून, देवेन ‘बा बहू और बेबी’त गट्टूही साकारत होता. वयाने वाढलेला, मनाने लहान मुलासारखा गट्टू. त्याला हसायचं नाही, त्याच्याबरोबर हसायचं, ही बारीक रेघ त्याने कधी ओलांडली नाही. एकाच सुमारास हा गट्टू आणि तिकडे ‘साराभाई’चं दिग्दर्शन, दोन्ही! ‘बा बहू और बेबी’तली ‘बा’ म्हणजे सरिता जोशी. त्या जन्माने पुण्याच्या, माहेर मराठी, भोसल्यांचं. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सासू-सुनेच्या भांडणाचा विषय निघाला की ‘तू तू मैं मैं’ हवीच. 1994 ची ही मालिका आपल्या सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केली. सून सुप्रिया, सासू रीमा लागू. रीमाताई सुनेपेक्षा फक्त 9 वर्षांनी मोठ्या!

देवेनकडे परत येऊ. 2012 च्या ‘अग्निपथ’मध्ये तो रौफ लालाचा मुलगा अझहर झाला. मार्च 2017 मध्ये तर ‘कमांडो 2’ आला. विद्युत जामवालच्या उड्या, गोळीबार, पाठलाग, आणि दिग्दर्शक देवेन भोजानी. त्याच वर्षी मे महिन्यात ‘साराभाई’चं दुसरं पर्व हॉटस्टारवर उतरलं. आणि 2023 मध्ये भुवन बामच्या ‘ताज़ा ख़बर’मध्ये तो मेहबूबभाई म्हणून आला, तेव्हा ‘देख भाई देख’च्या वेळी जन्मलेलीही नसलेली पोरं मोबाइलवर त्याला बघत होती.