पोस्टिंग संपताना विद्यार्थी काय सोपवून जातो

वडोदऱ्याच्या नागरवाड्यातून सयाजी हॉस्पिटल पायी गाठता येते. फिजिओथेरपीचे सरकारी महाविद्यालयही तिथल्याच आवारात आहे. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किंवा लकव्यानंतर आपल्या माणसाकडून रोज व्यायाम करून घेणारा अनेकदा एखादा विद्यार्थी असतो. घरच्यांना त्याची सवय होते आणि मग एके दिवशी तो सांगतो, "काकू, सोमवारपासून माझी पोस्टिंग बदलतेय." आता आमच्या पेशंटचे काय, ही घरच्यांची काळजी रास्त आहे. हा बदल नीट झाला तर रुग्णाचे नुकसान होत नाही, पण तो नीट होण्यासाठी शेवटच्या आठवड्यात बरेच काही घडावे लागते.

वर्षानुवर्षे चालत आलेल्या बीपीटी अभ्यासक्रमात चार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप असते. विद्यार्थी पोस्टिंगनुसार एका विभागातून दुसऱ्यात फिरतो: हाडांचा विभाग, मेंदू-मज्जासंस्था, आयसीयू, लहान मुले. लॉगबुकवर सह्या, केस प्रेझेंटेशन, तोंडी परीक्षा हे सगळे व्हावेच लागते. पण त्याच्या शिक्षणाची खरी कसोटी पुनर्तपासणीत लागते, असे मला वाटते.

पहिल्या दिवशी रुग्णाला तपासून जे आकडे लिहिले, तेच शेवटी पुन्हा घ्यायचे असतात. गोनिओमीटर म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत धरली की गुडघा किती वाकतो ते अंशांत कळते. खुर्चीवरून नीट उठायला गुडघा साधारण 90 अंश किंवा थोडा जास्तच वाकावा लागतो आणि मांडी घालून बसायला त्याहून बराच अधिक. स्नायूंची ताकद 0 ते 5 अशी मोजतात. 3 म्हणजे रुग्ण स्वतःच्या पायाचे वजन उचलून पूर्ण हालचाल करतो, पण वरून थोडाही दाब दिला तर पाय टिकत नाही. 2 म्हणजे पाय गादीवर सरकतो, उचलला जात नाही. हे आकडे कागदावर असले, तर नवा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून सुरुवात करत नाही. "पेशंट बरा आहे" एवढेच लिहिले असेल, तर त्याला सगळे नव्याने शोधावे लागते आणि त्यात रुग्णाचे दिवस जातात.

यानंतरचे काम घराशी संबंधित आहे आणि इथे पुस्तकी विद्यार्थी अडखळतात. हॉस्पिटलमध्ये उंच कॉट, रुंद दारे आणि रेलिंग असते. जुन्या वस्तीतल्या घरात जिना उभा आणि अरुंद, संडास भारतीय पद्धतीचा, देवघर जमिनीवर. म्हणून शहाणा विद्यार्थी आधी विचारतो की पेशंट कुठल्या मजल्यावर झोपणार, कठडा कुठल्या बाजूला आहे, रात्री संडासला सोबत कोण असेल. मगच तो जिना शिकवतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कारण सोपे आहे. चढताना वरच्या पायरीवरचा पाय शरीर उचलतो आणि उतरताना मागे राहिलेला पाय शरीराचा भार सावरत खाली सोडतो. दोन्ही वेळा कष्टाचे काम चांगल्या पायाकडे राहते.

लकव्याच्या रुग्णाबाबत एक गोष्ट प्रत्येक नातेवाइकाला समजावून सांगितलीच पाहिजे. ढिला पडलेला हात धरून किंवा बगलेत हात घालून रुग्णाला कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा मुख्यतः भोवतालच्या स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. ते स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकू लागतो. त्यात ओढ बसली की खांदा दुखू लागतो आणि तो दुखणारा खांदा पुढचे महिनोन्‌महिने व्यायाम करू देत नाही. उठवताना आधार कमरेला द्यावा आणि बसलेल्या रुग्णाचा तो हात उशीवर ठेवावा. लोक मायेने ओढतात आणि इजा होते, म्हणून मला हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

वडोदऱ्याला हे ज्ञान नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात राजरत्न प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात व्यायामाबरोबर हाडे बसवण्याची आणि मालिशची विद्याही जपली. शरीराला हालवूनच शरीर सुधारते, हा विश्वास या शहरात तेव्हापासून रुजला आहे. आजच्या विद्यार्थ्याने त्याला मोजमाप आणि नोंद यांची जोड दिली आहे.

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी जाणारा विद्यार्थी नव्या विद्यार्थ्याला घेऊन खाटेपाशी येतो. कागदावरची माहिती बोलून दाखवतो, रुग्णाशी ओळख करून देतो आणि एक सत्र दोघे मिळून घेतात. रुग्ण गुजराती बोलणारा असो की मराठी, कुठल्या शब्दाने त्याला धीर येतो आणि कुठल्या हालचालीला तो घाबरतो, हे एवढ्या वेळात नव्याला कळते. कागदावर ते मावत नाही. वॉर्डात गर्दी असली की नेमकी हीच संयुक्त भेट गाळली जाते. ती गाळू नये.

घरी जाण्याआधी नातेवाइकांनी आपणहून चार गोष्टी कराव्यात. व्यायामाचा लेखी कागद मागून घ्यावा. घरी जो व्यायाम करून घेणार आहे, त्याने तो विद्यार्थ्यासमोर एकदा करून दाखवावा. पुढच्या तपासणीची तारीख आणि विभाग लिहून घ्यावा. आणि ऑपरेशननंतर पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा श्वास लागला, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरकडे न्यावे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते.