खिडकीची मूठ का तुटते?

आमच्या घरी रस्त्याच्या बाजूला लोखंडी चौकटीची एक जुनी खिडकी आहे. तिची मूठ दोन वर्षांत तीनदा बदलावी लागली. पहिल्यांदा आम्ही मुठीला दोष दिला, दुसऱ्यांदा दुकानदाराला. तिसरी मूठ तुटली ती ऐन पावसाळ्यात, मध्यरात्री. वाऱ्याने झडप भिंतीवर आपटली आणि काचेचे तुकडे खाली रस्त्यावर पडले. सुदैवाने त्या वेळी रस्त्यावर कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी खिडकी नीट तपासली, तेव्हा लक्षात आले की तिन्ही मुठी बिनदोष होत्या. दोष दुसरीकडेच होता.

विद्यार्थी मित्रांनो, तो दोष कसा शोधायचा आणि नवी मूठ कशी निवडून बसवायची, हे या लेखात पाहू. त्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. तरफ, पाचर, घर्षण आणि घनता हे पाठ्यपुस्तकातील विषय तेवढे आठवले पाहिजेत.

मूठ काय काम करते?

बाहेर उघडणाऱ्या लोखंडी खिडकीची मूठ जवळून पाहा. तिचे तीन भाग दिसतील. झडपेवर स्क्रूंनी बसवलेली तबकडी, हातात धरायची दांडी आणि दांडीशी काटकोनात असलेले आखूड नाक. दांडी खाली केली की नाक आडवे होते आणि चौकटीवरील लहान पट्टीमागे आतल्या बाजूने अडकते. मग झडप बाहेर जाऊ शकत नाही.

ही मूठ म्हणजे एक तरफ आहे. खिळीपासून, म्हणजे टेकूपासून, हाताचे अंतर १० सेंटिमीटर आणि नाकाच्या टोकाचे अंतर २ सेंटिमीटर आहे असे समजू. हाताने ३० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे तीन किलो वजन उचलण्याइतका जोर केला, तर नाकाच्या टोकाशी त्याच्या पाचपट, म्हणजे १५० न्यूटन बल मिळते.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. नाकाची आतली बाजू किंचित उतरती असते, म्हणजे ते पाचरीसारखे काम करते. नाक १० मिलिमीटर सरकले की झडप १ मिलिमीटर आत ओढली जाते असे धरा. घर्षण मुळीच नसते तर १५० न्यूटनचे १,५०० न्यूटन झाले असते! प्रत्यक्षात घर्षणात बराच भाग खर्ची पडतो. तरीही तीनचारशे न्यूटनचा ओढा सहज निर्माण होतो. तीन किलोच्या जोरातून तीसचाळीस किलोचा ओढा मिळतो, आणि तो सगळा नाकाच्या मुळाशी, बोटाएवढ्या जाडीच्या धातूवर पडतो.

वारा किती जोराने ओढतो?

हा आकडा मोठा की लहान, हे वाऱ्याशी तुलना केल्याशिवाय कळणार नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात इमारतींवरील वाऱ्याच्या दाबाचे एक सोपे सूत्र दिले आहे. वाऱ्याच्या वेगाचा (मीटर दर सेकंद) वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले, की दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. त्याच मानकात मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर दर सेकंद आणि पुण्यासाठी ३९ मीटर दर सेकंद धरला आहे. हे रोजचे वारे नव्हेत. साधारणपणे ५० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या मोठ्या झोताचे हे वेग आहेत.

मुंबईसाठी हिशेब करू. ४४ × ४४ × ०.६ = सुमारे १,१६० न्यूटन दर चौरस मीटर. झडप ५० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच असेल, तर तिचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. म्हणजे तिच्यावर जवळजवळ ७०० न्यूटन बल येईल. वारा भिंतीला घासून जातो तेव्हा हे बल झडपेला बाहेर ओढते. त्यातील निम्मे बिजागऱ्या सोसतात आणि निम्मे, म्हणजे सुमारे ३५० न्यूटन, मुठीच्या नाकावर येते.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. अडकणारी झडप मुठीने ओढून बंद करताना आपण नाकावर तीनचारशे न्यूटन भार टाकतो, म्हणजे पन्नास वर्षांतील एखाद्या वादळाइतका! आणि तो एकदाच नव्हे, तर रोज दोनदा. झडप अधिकच घट्ट असली तर आपण दोन्ही हात लावतो. मग भार दुप्पट-तिप्पट होतो. आमच्या तीन मुठी अशाच तुटल्या होत्या. मूठ ही बंद झडप धरून ठेवण्यासाठी आहे, अडकलेली झडप ओढण्यासाठी नाही.

आधी रोग, मग औषध

झडप घट्ट का होते? लोखंडी खिडकीत मुख्य कारण गंज. लोखंड गंजले की तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. चौकट आणि झडप यांच्यामधील फट मिलिमीटरभराचीच असते. ती गंजाने भरते आणि झडप मागे रेटली जाते. दुसरे कारण रंग. दर काही वर्षांनी जुना रंग न खरवडता वर नवा थर दिला की फट आणखी अरुंद होते. तिसरे कारण बिजागरीचे. तिची खीळ झिजली की झडप मुठीच्या बाजूने खाली झुकते व चौकटीला घासते.

नवी मूठ आणण्यापूर्वी दोन सोप्या चाचण्या घ्या. पहिली दोन बोटांची चाचणी. मुठीला हात न लावता झडप दोन बोटांनी ओढा. ती चौकटीला सगळीकडून टेकली पाहिजे. दुसरी कागदाची चाचणी. वहीच्या कागदाची पट्टी चौकट आणि झडप यांच्यामध्ये धरून झडप बंद करा आणि पट्टी ओढून पाहा. जिथे ती जराही हलत नाही तिथे गंज किंवा रंग साचला आहे. जिथे ती सैल निघते तिथे फट आहे. अशी पाच-सहा ठिकाणे पाहिली की खिडकीचा नकाशाच तयार होतो.

गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढावा, उघड्या लोखंडावर गंजरोधक प्रायमर लावावा आणि मग रंगाचा पातळ हात द्यावा. बिजागरीत मशीनच्या तेलाचे थेंब सोडून झडप दहावीस वेळा हलवावी. खीळ फारच झिजली असेल तर मेस्त्रीला बोलावणे बरे. दोन बोटांनी झडप बंद होऊ लागली की मगच बाजारात जावे.

चार मापे

पहिले माप, डावी की उजवी. खोलीत उभे राहून खिडकीकडे तोंड करा आणि बिजागऱ्या कोणत्या हाताला आहेत ते लिहून घ्या. डाव्या व उजव्या मुठी हातमोज्यांप्रमाणे एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असतात. कोणी म्हणेल, चुकीची मूठ उलटी करून बसवली तर काय बिघडले? नाक योग्य बाजूला येईल हे खरे, पण बंद स्थितीत दांडी वर उभी राहील. खाली लोंबणाऱ्या दांडीचा गुरुत्वमध्य खिळीच्या खाली असतो, म्हणून ती स्थिर समतोलात असते. वर उभी असलेली दांडी अस्थिर समतोलात असते. खीळ सैल झाली की वाऱ्याच्या हादऱ्याने ती आपल्याच वजनाने घसरेल आणि खिडकी उघडेल.

दुसरे माप, नाकाची उंची. तबकडीच्या तळापासून नाकाच्या आतल्या बाजूपर्यंतचे हे अंतर. ते कमी असेल तर नाक चौकटीच्या कडेवर आपटते, जास्त असेल तर झडप खडखडते. जुनी मूठ हाताशी असेल तर ती सपाट फरशीवर ठेवून हे माप घ्यावे. एकदोन मिलिमीटरचा फरक असला तरी चालते. उंची कमी पडली तर तबकडीखाली पातळ पट्टी घालावी, जास्त झाली तर चौकटीवरील पट्टीखाली घालावी.

तिसरे माप, भोकांमधील अंतर. ते एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजावे. मध्य नेमका सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. भोके सारखी असल्यास उत्तर तेच येते. त्याहून सोपे म्हणजे तबकडी कागदावर ठेवून पेन्सिलीने तिचा ठसा उतरवावा आणि तो कागद दुकानात न्यावा.

चौथे माप, स्क्रूचे आटे. येथे थोडा इतिहास आडवा येतो. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला व पुढील काही वर्षांत ती मापे रूढ झाली. पण कारागिरांच्या हातातून इंच आणि सूत लवकर गेले नाहीत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या खिडक्यांत ‘दीड सुती’ स्क्रू आढळतो. त्याचा व्यास ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. आजचा त्याच्या जवळचा स्क्रू ५ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण दीड सुती व्हिटवर्थ स्क्रूवर इंचाला २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिलिमीटर अंतर. ५ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूत ते ०.८ मिलिमीटर असते. एकाच्या भोकात दुसरा जबरदस्तीने पिळला की दोघांचेही आटे जातात. म्हणून जुना व नवा स्क्रू एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरावेत. आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड आला नाही तरच ते जुळतात.

पितळ की पितळी मुलामा?

दुकानात पिवळी दिसणारी प्रत्येक मूठ पितळेची नसते. पुष्कळ मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या असून त्यांवर मुलामा असतो. लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही. अशा वेळी आर्किमिडीज मदतीला येतो. स्क्रू व लोखंडी भाग काढून मूठ तराजूवर तोला. मग पाणी भरलेल्या मोजपात्रात बुडवून पाणी किती चढले ते पाहा. समजा, पाणी २० मिलिलिटर चढले. वजन १६८ ग्रॅमच्या आसपास असेल तर घनता ८.४, म्हणजे पितळ. १३४ ग्रॅमच्या आसपास असेल तर घनता ६.७, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. ५४ ग्रॅमच असेल तर २.७, म्हणजे ॲल्युमिनियम. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज करता येईल.

पितळ टिकाऊ खरे, पण ते लोखंडाला थेट टेकले आणि मध्ये खारट ओलावा आला, तर एक लहानसा विद्युत्घट तयार होतो आणि त्यात लोखंड झिजते. समुद्रकाठच्या घरांत हे लवकर घडते. म्हणून तबकडीखाली प्लॅस्टिकची पातळ चकती घालावी आणि भोकाच्या कडांना रंग लावावा.

बसवताना

हे काम घरातील मोठ्या माणसाबरोबरच करावे. मूठ काढली की झडप मोकळी होते, म्हणून आधी ती सुती दोरीने गजाला बांधावी. बाहेर वाकू नये. खिडकीच्या कट्ट्यावर जुने फडके पसरावे, म्हणजे स्क्रू घरंगळून खाली कोणाच्या डोक्यावर पडणार नाही.

गंजलेल्या स्क्रूवर तेल सोडून रात्रभर थांबावे. पेचकसाचे पाते खाचेत पुरते भरणारे हवे. लहान पाते खाच खराब करते. नवे स्क्रू प्रथम हाताने दोन-तीन फेरे फिरवावेत. दोन्ही स्क्रू बसले की मग आळीपाळीने आवळावेत. एकच पूर्ण आवळला तर तबकडी तिरपी बसते. शेवटी मूठ फिरवून पाहा. ती एका हाताने, दम न लावता फिरली पाहिजे.

लाकडी खिडकीत स्क्रूचे भोक मोठे झाले असेल, तर त्यात बांबूच्या काड्या सरस लावून ठोकाव्यात आणि वाळल्यावर नव्याने बारीक भोक पाडावे. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून आडव्या दिशेने फुगते. त्यामुळे भर पावसात झडप रंध्याने तासू नये. हिवाळ्यात फट पडेल. नव्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या खिडक्यांत मुठीमागे चौरस सळी असते. तिची जाडी बहुधा ७ मिलिमीटर असते आणि स्क्रूंमधील अंतर ४३ मिलिमीटर. येथे सळीची लांबी मोजायला विसरू नये. कुलपाची मूठ घेतली तर किल्ली जवळच, पण लहान मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवावी. आग लागली तर तीच खिडकी उपयोगी पडेल.

आमच्या खिडकीला चौथी मूठ बसवून आता सहा पावसाळे झाले. ती मूठ पहिल्या तिघींसारखीच, त्याच प्रकारची आहे. फरक एवढाच की या वेळी आम्ही आधी बिजागरी आणि गंज पाहिला. मृग लागण्यापूर्वी तुमच्या घरातील व वर्गातील खिडक्यांची दोन बोटांची चाचणी घ्या. जिथे झडप अडते तिथली मूठ आज धड दिसत असली, तरी तिच्यावर रोज वादळ येत आहे हे ध्यानात ठेवा.