तीन गुणांची रेषा आणि पोटरीचं दुखणं

२२ जून २०२५. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या, म्हणजे एनबीएच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना. इंडियाना पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन चेंडू घेऊन पुढे झेपावला आणि कोणाचाही धक्का न लागता कोसळला. उजव्या पायाचा अ‍ॅकिलिस टेंडन तुटला होता. त्याच हंगामाच्या बाद फेऱ्यांत डेमियन लिलार्ड आणि जेसन टेटम यांनाही हीच दुखापत झाली होती.

पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा हा जाड पट्टा धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण सोसतो. तो ताण समजून घ्यायचा तर हा खेळ कसा बदलला ते पाहायला हवं.

१८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. पुढे ते स्वतः डॉक्टरही झाले. पुष्कळ वर्षं हा खेळ उंच, धिप्पाड खेळाडूंचा होता. बास्केटजवळ ठाण मांडायचं, रेटारेटी करायची आणि जवळून चेंडू टाकायचा. १९७९-८० च्या हंगामात एनबीएने तीन गुणांची रेषा आखली. समोरून तिचं अंतर ७.२४ मीटर. तेव्हा एक संघ सामन्यात सरासरी तीनदासुद्धा तिथून प्रयत्न करत नसे. आज हा आकडा ३५ च्या पुढे आहे.

कारण साधं गणित आहे. मधल्या अंतरावरून शंभरातले ४२ नेम लागले तर ८४ गुण मिळतात. रेषेबाहेरून ३६ च लागले तरी १०८! हे गणित संघांना पटलं आणि स्टीफन करीने २०१५-१६ मध्ये एकाच हंगामात ४०२ वेळा तिथून नेम साधून दाखवला. त्याआधी कोणी तीनशेही गाठले नव्हते.

याचा परिणाम शरीरावर होतो. प्रत्येक नेमबाजाला अडवायला आता दूरवर धावत जावं लागतं. पूर्वी बास्केटखाली उभे राहणारे धिप्पाड खेळाडूही त्यातून सुटत नाहीत. वेगात धावणं, जागच्या जागी थांबणं, एक पाऊल मागे घेऊन उडी मारणं, हे सतत चालतं. या प्रत्येक हालचालीत पोटरीवर भार येतो. हंगामातले सामने मात्र पूर्वीइतकेच, ८२. दोष एकट्या शैलीचा नाही. वय, जुनी दुखापत आणि अपुरी विश्रांती यांचाही त्यात वाटा असतो. हॅलिबर्टनची पोटरी सहाच दिवस आधी दुखावली होती. २०१९ मध्ये केव्हिन ड्युरंटचंही असंच झालं. आधी पोटरी दुखावली, महिन्याभराने तो अंतिम मालिकेत उतरला आणि त्याच सामन्यात टेंडन तुटला.

हे वाचून ‘आपला काय संबंध?’ असं वाटेल. पण आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी बॅडमिंटन किंवा बॉक्स क्रिकेट खेळणारे चाळिशीतले रुग्ण आमच्या ओपीडीत येतात. बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं : “मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कोणीच नाही.” लंगडत का होईना चालता येतं, म्हणून ‘पाय मुरगळलाय’ असं समजून दोन-तीन आठवडे तेल चोळण्यात जातात. तोवर तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर सरकतात आणि उपचार अवघड होतात.

असं झालं तर मालिश करू नका. त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आम्ही रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबतो. पाऊल हललं नाही, तर टेंडन तुटल्याची दाट शंका असते. वेळेत आलेल्या अनेकांचं काम प्लास्टर किंवा विशेष बुटावर भागतं, काहींना शस्त्रक्रिया लागते.

खेळण्याआधी दहा मिनिटं शरीर गरम करा. आठवड्यातून दोन-तीनदा पायरीच्या कडेला उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा. आणि पोटरी दुखत असेल, तर त्या रविवारी खेळू नका. हॅलिबर्टनसमोर विजेतेपदाचा सामना होता, आपल्यासमोर तसं काहीच नसतं.