तिकिटावर की तिकीटवर? इंग्रजीच्या इतिहासातून मराठीकडे

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात भाषेवर बोलायचं म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो : इंग्रजी शब्दांमुळे मराठी बिघडतेय का? आज आपण जरा उलट्या बाजूने जाऊ. खुद्द इंग्रजीवर अशी वेळ आली, तेव्हा तिचं काय झालं?

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्या लंडनकराला वाचता येत नाही, परभाषेसारखी शिकावी लागते. त्या इंग्रजीत मराठीसारखी तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. दगडाला शब्द होता 'स्टान'; 'दगडाचा' म्हणायचं तर 'स्टानेस', 'दगडांना' म्हणायचं तर 'स्टानुम'. आज यातलं काय उरलं? षष्ठीचा 'स' आणि अनेकवचनाचा 'स'. बाकी सगळं झडलं.

का झडलं? एक तर शब्दाच्या शेवटचे, आघात नसलेले स्वर पुसट होत गेले. दुसरं म्हणजे, नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले. त्यांच्या भाषेतले शब्द इंग्रजीच्या जवळचे, पण प्रत्यय वेगळे. रोजच्या व्यवहारात शब्द समजायचा, प्रत्यय अडायचा. मग प्रत्ययच सोडून दिला गेला, असं अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यय गेल्यावर वाक्यातला शब्दक्रम पक्का करावा लागला. आपण 'मुलाने कुत्र्याला पाहिलं' किंवा 'कुत्र्याला मुलाने पाहिलं' असं काहीही म्हणू शकतो. इंग्रजीत क्रम फिरवला की अर्थच फिरतो.

आता १०६६ साल. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, कायदा, उच्चवर्ग सगळीकडे फ्रेंच आली. गोठ्यातली गाय इंग्रजी 'काऊ' राहिली, पण ताटात आली की फ्रेंच 'बीफ' झाली. हजारो शब्द आले, तरी इंग्रजी मेली नाही, कारण घरात, शेतात, बाजारात ती बोलली जात होती. १३६२ मध्ये न्यायालयात युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. गंमत बघा, तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! आणि न्यायालयाच्या कागदपत्रांतून परभाषा पूर्ण हटायला त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षं गेली.

आता आपल्याकडे येऊ. मराठीनेही हे भोगलंय. फारसी-अरबी शब्द राज्यकारभारात इतके शिरले की शिवाजी महाराजांच्या काळात त्यांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. तरीही अर्ज, वकील, हुकूम राहिलेच. पण कसे राहिले? 'अर्जात', 'वकिलाला', 'हुकमाने'. म्हणजे मराठीने त्यांना आपलं सामान्यरूप घ्यायला लावलं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्याच वर्षी कल्याणला. गाडीबरोबर शब्द आले. तिकीट आलं, त्याचं 'तिकिटावर' झालं. बँकेचं 'बँकेत', टेबलाचं 'टेबलावर'. हे शब्द आपल्या घरचेच झाले. आता ताजे शब्द बघा : प्लॅटफॉर्मवर, मोबाईलमध्ये, ॲपवरून. इथे शब्द तसाच राहतो, पुढे 'वर' किंवा 'मध्ये' चिकटतं. एवढंच नाही, जुन्या शब्दांनाही ही सवय लागतेय. 'तिकीटवर', 'टेबलवर' आपण सर्रास ऐकतो, बोलतो.

म्हणजे लक्ष कुठे द्यायचं? नुसते शब्द मोजून उपयोग नाही. शब्द येऊनही भाषा तगते, हे इंग्रजीनेही दाखवलं आणि मराठीनेही. सामान्यरूप सैल होणं हा खोलवरचा बदल आहे. पण तोही मरण नव्हे. बहुतेक सगळे प्रत्यय गमावून इंग्रजी उभी राहिलीच की.

खरा धोका वेगळा आहे. इंग्रजी टिकली ती घर न सोडल्यामुळे, आणि मोठी झाली ती न्यायालय, ग्रंथ, शास्त्र ही ठिकाणं हळूहळू परत मिळवल्यामुळे. आपल्याकडे राजभाषेचा कायदा १९६४ चा आहे. २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. कागदावर आपण इंग्रजांच्या १३६२ पेक्षा बऱ्या स्थितीत आहोत.

प्रश्न घराचा आहे. फ्रेंच राजवटीतही इंग्रज आई मुलाशी इंग्रजीत बोलत होती. आपल्याकडे मूल आजीशी मराठीत बोलतं, पण गणित, विज्ञान, भांडणाचा मुद्दा, मनातली शंका मराठीत मांडायची वेळ आली की अडतं. हे अडणं वाढलं, तर शुद्ध शब्द वापरूनही भाषा आक्रसेल. तेव्हा पोरगं 'तिकीटवर' म्हणालं तर लगेच टोकू नका. त्या तिकिटाचं भाडं कसं ठरतं, हे त्याला मराठीत समजावून सांगा, आणि मग त्यालाही मराठीत सांगू द्या.