शेतीचा वर्ग, परदेशी बाकं

गोखिवऱ्यात शेती आता शोधावी लागते. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी जिथे भातखाचरं होती तिथे गाळे उभे राहिले, गाळ्यांमागे चाळी आल्या, आणि भोयदापाड्याच्या रस्त्याला दिवसभर वसई-विरार महापालिकेच्या कचरागाड्यांची ये-जा. इतर देशांतल्या लोकांना आपण शेतीचं निरंतर शिक्षण कसं देतो, याचा आढावा अशा गावापासून घ्यायचा म्हणजे जरा गंमतच. पण मराठी माणसाचा हात लागून जगभर गेलेला शेतीतला एक मोठा धडा याच मालाचा होता. कुजणाऱ्या कचऱ्याचा.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात काम करत होते. तिथे बसलेली कंपोस्टची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. पिकाचा पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात घालायचे, ओलावा राखायचा, ढीग तीनदा खालीवर करायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली या प्रयोगांवरचं इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डसाहेबांचं नाव सेंद्रिय शेतीवाले जगभर घेतात. वाडांचं नाव आपल्याकडे कृषी पदवीधरांच्या मेळाव्यात घेऊन पाहा, किती माना हलतात ते कळेल.

केनियातल्या कॉफीच्या मळ्यांवर आणि कोस्टारिकात ही पद्धत पोचली ती पुस्तकं, पुस्तिका आणि पत्रव्यवहार यांच्या जोरावर. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. मळेवाल्याने वाचायचं, करून बघायचं, अडलं की पत्र टाकायचं. हॉवर्ड स्वतः हिंदुस्थानी शेतकऱ्याला आपला गुरू मानत. म्हणजे जो धडा बाहेर गेला, तो आधी कुणाच्या तरी बांधावर शिकलेला होता.

आजचं चित्र वेगळं आहे. भारत सरकारच्या तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमातून, म्हणजे ‘आयटेक’मधून, १९६४ पासून विकसनशील देशांतले लोक इथे प्रशिक्षणाला येतात. पुण्यात रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय १९६९ पासून आहे. वैकुंठ मेहता सहकार संस्थेच्या आवारातलं, नेपाळ-बांगलादेश-श्रीलंकेसह चालणारं कृषी बँकिंग प्रशिक्षण केंद्र १९८३चं. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या कृषी विस्तार संस्थेने २०१६ पासून अमेरिकी मदतीने आफ्रिका-आशियातल्या अधिकाऱ्यांसाठी वर्ग चालवले. यातलं काहीच कमी लेखायचं नाही. कर्ज आणि सहकार नीट नसेल तर शेती बुडतेच. पण बाकावर कोण बसतं ते बघा: बँकेचा मॅनेजर, सहकार खात्याचा साहेब, विस्तार अधिकारी. शेतीच्या कागदांची बाजू आपण परदेशी पाहुण्याला चांगली शिकवतो. मातीची बाजू सहलीपुरती, एखाद्या दुपारी, फेटा बांधून. (आपला शेतकरी सरकारी दौऱ्यावर इस्रायल-हॉलंडला जातो तेव्हा त्याचंही फार वेगळं होत नाही. पॉलिहाऊससमोरचा फोटो मात्र छान येतो.)

प्रत्यक्ष शेतकऱ्याला शिकवायचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा. १९८९ची स्थापना, पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. फळबाग, भाजीपाला, फुलशेती यांचे शिक्षणक्रम, घरबसल्या वाचता येतील अशी मराठी पुस्तकं, अगदी माळी प्रशिक्षणसुद्धा. मराठी ही या विद्यापीठाची ताकद, आणि देशाबाहेर जायचं म्हटलं की तीच वेस. मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकवतात, तिथल्या मराठी घराण्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबायला गेले होते, तेव्हा तिथपासून सुरुवात करू, असं भाषणात म्हणायला छान आहे. पण तिथला माणूस घरीदारी क्रेओल बोलतो. कीडनियंत्रणाचं मराठी पुस्तक त्याच्या हाती देणं म्हणजे आपलीच हौस भागवणं.

भाषेची ही अडचण पुस्तकाला जितकी नडते तितकी आवाजाला नडत नाही. राष्ट्रकुलाच्या व्हँकुव्हर भागातल्या ‘कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग’ने २००४च्या सुमारास तामिळनाडूत शेतकऱ्यांच्या आजीवन शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. थेनी जिल्ह्यात शेळ्या राखणाऱ्या बायकांना शेळीपालनाचे धडे मोबाइलवर ध्वनिसंदेशाने मिळू लागले. चारायला नेता नेता कानाला फोन लावायचा आणि संध्याकाळी गटात त्यावर बोलायचं. सोबत बँकेचं कर्जही जोडलेलं होतं. पुढे हाच नमुना केनिया-युगांडात गेला. तिथे धड्याची भाषा बदलली. गट, कर्ज आणि फोन ही जोडणी तीच राहिली.

गोखिवऱ्याहून महामार्गाने उत्तरेला, राज्याची हद्द ओलांडताच उंबरगावजवळ देहरी लागतं. वाडवळ शेतकरी भास्कर सावे (१९२२–२०१५) यांची ‘कल्पवृक्ष’ ही वाडी तिथली, सुमारे चौदा एकरांची, नारळ-चिकूची. पाणी झाडाच्या बुंध्याशी द्यायचं नाही, दोन ओळींमधल्या चरात सोडायचं. ओल शोधत मुळं लांब पसरतात. अल्पजीवी, मध्यमजीवी, दीर्घजीवी झाडं एकत्र लावायची, म्हणजे मोठं झाड हाती येईपर्यंत छोटी घर चालवतात. जपानचे मासानोबु फुकुओका ही वाडी बघून गेले, देशोदेशींचे लोक येत राहिले. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडून सावे यांना जीवनगौरव मिळाला. माझ्या हिशेबी शेतीचं परदेशी निरंतर शिक्षण म्हणावं ते इथेच चाललं होतं. त्याला कुणी अभ्यासक्रम म्हटलं नाही, एवढंच.

वसई ते डहाणू हा पट्टा असा वर्ग भरवू शकतो. मोसमी पाऊस, खारी हवा, लहान तुकड्याची वाडी हे सगळं श्रीलंकेच्या किंवा पूर्व आफ्रिकेच्या किनारी शेतकऱ्याला ओळखीचं वाटेल. आगाशीची सुकेळीच घ्या. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची. नासणारं फळ टिकाऊ होतं आणि भावही चढतो. केळ्यावर जगणाऱ्या युगांडातल्या माणसाला हे आठवडाभर शेजारी बसून शिकता येईल. ओल्या कचऱ्याचा इंदुरी खड्डा गोखिवऱ्यातच घालावा, मालाला तोटा नाही.

परत गेलेल्या माणसाशी निदान दोन हंगाम फोनवर कुणीतरी बोलत राहायला हवं, नाहीतर प्रमाणपत्र भिंतीवर आणि शेत होतं तसंच. आणि अंदाजपत्रकात पहिली रक्कम वाडीवाल्याच्या मानधनाची धरावी, पाहुण्या प्राध्यापकाइतकीच. परदेशी मंडळी दारात आली की चिकू उतरवायचा त्याचा अख्खा दिवस मोडतो, आणि गडी-बायांची मजुरी त्या दिवशीही द्यावीच लागते.