१४ किलोच्या सिलिंडरमधून २२ लिटर पाणी? हा हिशोब गॅस गीझर वापरणाऱ्यांनी नक्की वाचावा

घरातला १४.२ किलोचा सिलिंडर जळून संपला, की त्यातून साधारण २२ लिटर पाणी आणि ४३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. म्हणजे १४ किलोचे झाले ६५ किलो! थाप वाटते ना? पण हा हिशोब दहावीच्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या धड्यातला आहे.

घरगुती एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. सोयीसाठी सगळा ब्युटेनच धरू (प्रोपेन धरला तरी आकडे फारसे हलत नाहीत). ब्युटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. तो नीट जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळतं.

आता नियम एकच, जेवढे अणू आत गेले तेवढेच बाहेर आले पाहिजेत. कार्बन ४, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४. हायड्रोजन १०, पाण्याच्या रेणूत ते दोन-दोन, म्हणून पाण्याचे रेणू ५. ऑक्सिजन शेवटी मोजायचा, कारण तो दोन्ही उत्पादितांत आहे: ८ अधिक ५, एकूण १३ अणू. पण हवेतला ऑक्सिजन जोडीनेच येतो, म्हणजे लागले साडेसहा रेणू. अर्धा रेणू काही मिळत नाही, म्हणून सगळं दुप्पट करायचं. ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. झालं समीकरण संतुलित.

(बरेच विद्यार्थी इथे कंटाळून सूत्रातला लहान आकडाच बदलतात. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू वाढवला तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं!)

रेणूंवरून वजनावर यायला अणुवस्तुमानं लागतात: कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६. त्यावरून ११६ ग्रॅम ब्युटेनला ४१६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि ३५२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व १८० ग्रॅम पाणी मिळतं. दोन्ही बाजूंची बेरीज ५३२. म्हणजे १ किलो गॅसला जवळपास ३.६ किलो ऑक्सिजन. सिलिंडरमधलं वजन वाढलं ते या हवेतल्या ऑक्सिजनमुळे.

हाच ३.६ चा आकडा घेऊन बाथरूममध्ये जाऊ. ५ बाय ६ फुटांचं, ८ फूट उंच बाथरूम धरा. त्यात साधारण ८ किलो हवा मावते आणि तिच्यात ऑक्सिजन असतो २ किलोपेक्षाही थोडा कमी. समजा, दार-खिडकी बंद आहे आणि आतल्या गीझरने १० मिनिटांत १५० ग्रॅम गॅस जाळला. त्याला लागला ५४० ग्रॅम ऑक्सिजन. खोलीतल्या ऑक्सिजनचा पाव भागाहून जास्त वाटा गेला, आणि अंघोळ अजून चालूच आहे.

ऑक्सिजन कमी पडला की समीकरणच बदलतं. २ रेणू ब्युटेनला १३ ऐवजी ९ च रेणू ऑक्सिजन मिळाला, तर पाणी तेवढंच, १० रेणू. पण कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचे ८ रेणू येतात. प्रत्यक्षात सगळा गॅस असा अर्धवट जळत नाही, पण त्याची गरजही नसते. त्या १५० ग्रॅमपैकी शेकडा ५ टक्के जरी असा जळला, तरी साडेचौदा ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड होतो. या बाथरूममध्ये तो हवेच्या दर १० लाख भागांत सुमारे १,८०० भाग भरतो. १,६०० भागांनाच २० मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

त्याला वासही नसतो. गॅस गळला की जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. गॅस जळताना तेही जळून जातं. त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक' हे इथे चालत नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही एवढं समजतं, पण अंघोळ करताना बर्नरकडे कोण बघतं? म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा.