घोरपड खरंच होती का? एकेका मुलाला इतिहास सांगताना

आजचा विषय तुमच्यापैकी जे कोणी मामा, काका, आत्या, मावशी, ताई, दादा आहेत, त्यांच्यासाठी. घरातल्या एका मुलाला समोर बसवून इतिहास आणि पुराणातल्या गोष्टी कशा सांगायच्या?

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, इतिहासाचा मास्तर नाही. पण माझा भाचा चौथीत आहे. चौथीला महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, आणि दर रविवारी आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बसतो. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात. एकाने मध्येच शंका काढली तर बाईंना धडा पुढे न्यावाच लागतो. समोर एकच मूल असेल तर आपण त्या शंकेपाशी थांबू शकतो. एकेकट्या शिकवणीचा खरा फायदा हाच.

आता सिंहगडाचंच घ्या. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी तो परत घेतला, आणि त्यात ते पडले. इथपर्यंत मूल कान देऊन ऐकतं. मग प्रश्न येतो: "मामा, घोरपडीला दोर बांधून माणूस खरंच चढतो?"

इथे दोन सोपे रस्ते असतात. एक, "गप्प बस, असं विचारायचं नसतं." दुसरा, "छे रे, सगळ्या थापा आहेत." पहिल्याने मूल प्रश्न विचारणं सोडतं. दुसऱ्याने त्याला वाटतं, घोरपड खोटी म्हणजे तानाजीही खोटा. आणि हेच मूल उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉरवर्ड एक तर डोळे मिटून खरं मानेल, नाहीतर कशावरच विश्वास ठेवणार नाही.

मी तिसरा रस्ता धरतो. त्यालाच विचारतो, "ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली?" मग आम्ही शोधायला लागतो. कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या दरबारातला माणूस. त्याने राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला बखर लिहिली. म्हणजे लढाईनंतर साधारण पंचवीस वर्षांनी. त्यात आधी निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, असं आहे. घोरपड नाही. घोरपड येते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. आमच्या कोडमध्ये कोणती ओळ कुणी, कधी टाकली हे हिस्टरीत दिसतं ना, तसंच काहीसं.

नावाचीही गंमत आहे. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण सगळेच ऐकत आलो. पण १६६३ च्या महाराजांच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आधीच आहे!

मग पोवाडा टाकून द्यायचा का? अजिबात नाही. शाहीर डफ घेऊन गावोगावी उभा राहायचा. तो कडा किती अवघड होता, हे लोकांच्या डोळ्यांसमोर उभं करायला घोरपडीइतकं चपखल दुसरं काय सापडणार? म्हणून आम्ही वहीत तीन रकाने केलेत: 'कागदात आहे', 'लोकांच्या आठवणीत आहे', 'गोष्टीत रंगवलंय'. घोरपड तिसऱ्यात बसली, आणि भाच्याची आजही तीच सगळ्यात लाडकी आहे.

पुराणकथांना मात्र हे रकाने लावत नाही. तिथे "घडलं का?" यापेक्षा "कोण कसं सांगतं?" हे विचारलेलं बरं. लक्ष्मणरेषा आपल्याला रामायणाचा गाभाच वाटते, पण वाल्मीकी रामायणात ती नाही. ती नंतरच्या कथांतून रुजली. मुलाला विचारा, "तू गोष्ट सांगत असतास, तर रेषा ठेवली असतीस का? का?" उत्तर ऐकताना त्याला काय योग्य वाटतं, कशाची भीती वाटते, हे आपल्याला कळतं.

अर्ध्या तासाचं गणित साधं आहे. दहा मिनिटं गोष्ट. तारखा कमी, माणसं जास्त. दहा मिनिटं नकाशा आणि शंका. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये सिंहगडाचा कडा दाखवा. ती रात्र माघ वद्य नवमीची, म्हणजे चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. "मग अंधारात चढताना काय दिसलं असेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. शेवटची दहा मिनिटं मूल गोष्ट सांगणार, आपण ऐकणार. मध्ये चुका काढायच्या नाहीत. कुठे अडलं ते लक्षात ठेवायचं, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करायचं.

आणि उत्तर येत नसेल तर सरळ म्हणा, "मला माहीत नाही, शोधूया." मोठी माणसंसुद्धा शोधतात, हे मुलाला बघू दे.

या रविवारी घरातल्या एका छोट्याला एकच गोष्ट सांगा, आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!